बिळात सापडला म्हणून तोच बीळ खोदणारा? खोदणाऱ्या कृंतकांचे जीवाश्म कसे वाचायचे

खडकवाचक यांचा प्रश्न

नेब्रास्कामधल्या ‘सैतानाच्या स्क्रू’बद्दल, म्हणजे डेमोनेलिक्सबद्दल वाचतो आहे. २ ते ३ मीटर खोल जाणारी मळसूत्री वळशांची बिळं, ती खोदणारा पॅलिओकॅस्टर, आणि हा पॅलिओकॅस्टर बीव्हरच्या कुळातला कृंतक (उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी), एवढं समजलं. पुढच्या काही गोष्टी मात्र जुळत नाहीत.

१. बिळात सांगाडा मिळाला म्हणजे तो खोदणाऱ्याचाच, असं कसं म्हणायचं? पडून मेलेला, पाण्यानं वाहून आलेला किंवा दुसऱ्याच्या बिळात घुसलेलाही असू शकतो.

२. बीळ मिळालंच नाही, नुसती हाडं हातात आहेत, तर ‘हा खोदणारा’ हे किती खात्रीनं सांगता येतं? पुढच्या पायातल्या अल्नावरून (कोपर ते मनगट यांमधल्या एका हाडावरून) एक गुणोत्तर काढतात. छापील चित्रांवरून मापं घेऊन पाहिली तर पोहणारे प्राणीसुद्धा खोदणाऱ्यांच्या रांगेत येऊन बसतात.

३. सेराटोगॉलस या शिंगवाल्या कृंतकाबद्दल निम्म्या ठिकाणी लिहिलंय की तो शिंगांनी माती उकरायचा, निम्म्या ठिकाणी लिहिलंय की नाही. नक्की काय?

४. खोदणारे सगळे एकमेकांसारखे दिसत असतील तर नातं कशावरून ठरवायचं?

---

स्तरवेत्ता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यासाठी या बिळांचा इतिहास आधी पाहायला हवा, कारण तुमचीच शंका तेव्हाही उपस्थित झाली होती आणि चुकीच्या कारणानं बाजूला पडली होती.

अर्विन बारबर यांनी हे स्क्रू १८९१ मध्ये वायव्य नेब्रास्कात पाहिले आणि १८९२ मध्ये त्यांना नाव दिलं. आधी त्यांना ते गोड्या पाण्यातले प्रचंड स्पंज वाटले, नंतर वनस्पती. १८९३ मध्ये व्हिएन्नाचे थिओडोर फुक्स आणि अमेरिकेतले एडवर्ड कोप या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की ही कृंतकांची बिळं असावीत. बारबर यांना ते पटलं नाही, आणि त्यांच्याकडे दोन कारणं होती. हे खडक तळ्याच्या तळाशी साचलेले आहेत असं तेव्हा मानत, आणि तळ्याच्या तळाशी उंदीर बीळ कशाला करील? दुसरं म्हणजे स्क्रूच्या भिंतीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर खरोखरच वनस्पतींच्या पेशी दिसायच्या.

दुसरं निरीक्षण बरोबरच होतं, त्याचा अर्थ चुकला. बिळाची भिंत आजूबाजूच्या वाळूपेक्षा ओलसर असते, म्हणून झाडांची मुळं तिच्या कडेनं वाढली. त्या परिसरात ज्वालामुखीची राख भरपूर होती. राखेतून सिलिका विरघळलेलं भूजल मुळांतून मुरलं आणि मुळं सिलिकाची झाली. म्हणून आज भोवतालचा मऊ वालुकाश्म झिजतो आणि स्क्रू पांढरा होऊन बाहेर उभा राहतो. तळ्याची कल्पना नंतर मोडली. ही बिळं ज्यात आहेत तो हॅरिसन स्तरसमूह (खडकांच्या थरांचा गट) म्हणजे वाऱ्यानं आणि ओढ्यांनी आणलेली बारीक वाळू व राख, वय साधारण २.२ ते २.३ कोटी वर्षं. जमीन कोरडी होती असं ठरलं की बिळाला आक्षेप राहत नाही.

कार्नेगी संग्रहालयाचे ओलाफ पीटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बिळांत पॅलिओकॅस्टरचे सांगाडे नोंदवले. तरी तुमचा आक्षेप शिल्लक राहतोच: सांगाडा आत आहे म्हणजे घर त्याचंच, असं नाही. झोडिओलेस्टिस हा मुस्टेलिड, म्हणजे पाणमांजराच्या कुळातला मांसाहारी असाच डेमोनेलिक्सच्या आत अंग दुमडलेल्या स्थितीत मिळाला. तो शिकारीला आला होता की रिकामं बीळ पाहून राहायला, हे सांगता येत नाही, पण बीळ त्यानं खोदलेलं नाही.

प्रश्न सुटला तो भिंतीवरच्या ओरखड्यांमुळे. लॅरी मार्टिन आणि डेब्रा बेनेट यांनी १९७७ मध्ये दाखवलं की भिंतींवर रुंद, सपाट तळाच्या खाचा आहेत आणि त्यांची रुंदी पॅलिओकॅस्टरच्या पुढच्या पटाशीच्या दातांशी जुळते. जीवाश्म कवटीचे दात ओल्या वाळूवर ओढून त्यांनी तशाच खाचा पाडून पाहिल्या. नख्यांचे ओरखडे वेगळे दिसतात: अरुंद आणि शेजारी शेजारी तीन-चारच्या झुपक्यात. काही स्क्रू डावीकडे वळतात, काही उजवीकडे, पण एक स्क्रू मध्येच दिशा बदलत नाही. मान एकाच बाजूला वळवून दातांचे एकसारखे फटके मारत खाली गेलं की असाच आकार येतो.

असं बीळ उघड्यावर दिसलं तर नोंद या क्रमानं घ्यावी. आधी वळणाची दिशा. मग दोन वळशांमधलं उभं अंतर आणि बोगद्याचा व्यास, निदान तीन ठिकाणी. स्क्रूच्या तळाशी एक तिरकी, सरळ खोली निघते. ती वर चढत जाते की खाली उतरते, हे कोनमापकानं घ्यायचं. भिंतीवरच्या खाचांचे सिलिकॉनचे साचे घ्यायचे आणि ते घेतल्याशिवाय भरावाला (बिळात नंतर भरलेल्या मातीला) हात लावायचा नाही, कारण ब्रश फिरवताना खाचा सर्वांत आधी जातात. हाडं असली तर ती सांध्यांत जोडलेली आहेत का, आणि खोलीत आहेत की वरच्या भरावात, हे लिहायचं. खोलीत जोडलेला सांगाडा म्हणजे तिथंच मेलेला प्राणी. वरच्या भरावातली सुटी हाडं पुराव्यात धरायची नाहीत.

आणखी एक. आकारावरून मालक ओळखायला जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात पर्मियन काळातल्या डायइक्टोडॉनची मळसूत्री बिळं मिळाली आहेत. ती डेमोनेलिक्सपेक्षा २० कोटींहून जास्त वर्षं जुनी आहेत, आणि डायइक्टोडॉन हा सस्तनही नव्हे, सस्तनांचा दूरचा पूर्वसंबंधी. वळसे घेत उतरलं की चढ सौम्य राहतो, कमी जागेत खोल जाता येतं, आत तापमान आणि ओल टिकते, अशी कारणं सुचवली जातात. माझ्या मते यातलं कुठलंही एकटं पुरत नाही.

---

अस्थिमाप

दुसरा प्रश्न. पोहणारे खोदणाऱ्यांत येऊन बसतात ही चूक तुमच्या मापाची नाही, गुणोत्तराचीच मर्यादा आहे.

सूत्र असं: ओलेक्रॅनॉनची लांबी भागिले (अल्नाची एकूण लांबी वजा ओलेक्रॅनॉन). ओलेक्रॅनॉन म्हणजे कोपराचं मागं आलेलं टोक. ते टोकापासून सांध्याच्या अर्धचंद्राकृती खोबणीच्या मध्यापर्यंत मोजायचं, खोबणीच्या वरच्या काठापर्यंत नाही. चित्रांवरून मोजताना सर्वांत जास्त गोंधळ इथंच होतो, कारण बाजूनं काढलेल्या फोटोत काठ स्पष्ट दिसतो आणि मध्य अंदाजानं ठरवावा लागतो. पहारेनं दगड उलथताना टेकूच्या मागचा दांडा जितका लांब तितकी ताकद कमी लागते, तसंच हे. ट्रायसेप्स स्नायू ओलेक्रॅनॉनला ओढतो आणि पंजा माती मागं ढकलतो.

समजा अल्ना ५० मिमी आणि ओलेक्रॅनॉन १२ मिमी. म्हणजे १२ भागिले ३८, सुमारे ०.३२. आता जीवाश्मात काय बिघडतं ते पाहा. प्राणी पिल्लू असेल तर ओलेक्रॅनॉनची टोपी हाडाला जुळलेली नसते आणि गळून पडते. २ मिमीची टोपी गेली की १० भागिले ३८, म्हणजे ०.२६. चांगला खोदणारा प्राणी सामान्य वाटायला लागतो. उलट मनगटाकडचं टोक ३ मिमी तुटलं असेल तर १२ भागिले ३५, ०.३४. म्हणजे वरचं टोक गेलं तर आकडा घसरतो, खालचं गेलं तर फुगतो. म्हणून दोन्ही टोकांचे सांधे पूर्ण जुळलेले दिसत असतील तरच माप घ्या, नाहीतर हाड यादीतून काढा. अंदाजानं लांबी पूर्ण करून गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही.

पोहणाऱ्यालाही पाणी जोरानं मागं ढकलायचं असतं, म्हणून त्याचंही ओलेक्रॅनॉन लांब. बीव्हरच्या कुळात तर हे फार नडतं, कारण त्यात पोहणारे आणि खोदणारे दोन्ही आहेत. त्यामुळे एका हाडावर थांबायचं नाही. ह्यूमरसवर (खांदा ते कोपर या हाडावर) डेल्टॉइड या खांद्याच्या स्नायूची कड खांद्यापासून किती खाली उतरते ते पाहा. कोपराजवळ हाड किती रुंद होतं ते पाहा, कारण बोटं वाकवणारे स्नायू तिथून निघतात. नख्यांची शेवटची हाडं रुंद-लांब आहेत की बारीक? मागचे पाय मोठे आणि मागच्या पंज्याची हाडं लांब असतील तर पाण्याकडे झुकतं माप द्या. शेपटीचे मणके मिळाले तर फारच उत्तम.

मग कवटी. खोदण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळ्या जागी उमटते.

नख्यांनी उकरणाऱ्याची खूण पायात असते, कवटी जवळपास साधीच राहते. दातांनी खणणाऱ्याचे वरचे पटाशीचे दात पुढं झुकलेले असतात, गालाची कमान रुंद आणि जबडा खोल असतो. दाताचं मूळ कुठून सुरू होतं हे इथं सर्वांत उपयोगी. आजच्या आफ्रिकी मोल-रॅटमध्ये दातांनी खणणाऱ्या जातींच्या वरच्या दाताचं मूळ दाढांच्या रांगेच्याही मागं जातं, तर त्याच कुळातल्या, नख्यांनी उकरणाऱ्या बॅथिएर्गसमध्ये ते पुढंच थांबतं. तिसरी तऱ्हा डोक्यानं माती उचलून रेटण्याची. त्यात कवटीची मागची भिंत पुढं कललेली, रुंद आणि मानेच्या स्नायूंसाठी ठळक कडांची असते. आजचा स्पॅलॅक्स, म्हणजे आंधळा मोल-रॅट, हा त्याचा नमुना.

दाताच्या झुकावाचा कोन मोजताना एक फसगत होते. कृंतकांचा पटाशीचा दात आयुष्यभर वाढतो आणि त्याचं मूळ उघडं असतं, त्यामुळे मेल्यावर तो खोबणीतून घसरून बाहेर येतो. दात वर्तुळाच्या तुकड्यासारखा असल्यानं बाहेर आला की टोक मागं वळतं आणि कोन कमी भरतो. म्हणून टोकाच्या कोनापेक्षा दाताची वक्रता आणि मुळाची जागा यांवर भरवसा ठेवा. सीटी स्कॅन मिळाला तर मूळ थेट दिसतं.

पॅलिओकॅस्टरकडे या नजरेनं पाहिलं तर तो दात आणि नख्या दोन्ही वापरणारा ठरतो, आणि हे भिंतीवरच्या खाचांशी जुळतं. त्याच गटातला युहॅप्सिस आणखी पुढं गेलेला. त्याची कवटी बसकी आणि रुंद.

---

खडकवाचक

टोपी गळण्याचा मुद्दा लक्षात आला, यादीतली दोन हाडं त्यामुळे बादच होतील. पण मग बीव्हर आधी खोदायचा आणि नंतर पाण्यात गेला, असं सरळ म्हणायचं का?

---

अस्थिमाप

तसं सरळ नाही. पॅलिओकॅस्टर हा आजच्या बीव्हरचा पूर्वज नाही, बाजूची फांदी आहे. नतालिया रिबचिन्स्की यांनी २००७ मध्ये या कुळाची वंशावळ मांडली. तिच्यात पोहणारे आणि झाड कुरतडणारे एका फांदीत एकत्र येतात आणि खोदणारे त्या फांदीबाहेर राहतात. म्हणजे पोहणं आणि लाकूड तोडणं या कुळात एकदाच, एका फांदीत आलं असावं. मूळ पूर्वजही बिळं करणारा असण्याची शक्यता मोठी आहे, पण ‘शक्यता’ हा शब्द गाळू नका. ऑलिगोसीनच्या (सुमारे ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाच्या) उत्तरार्धात अमेरिकेच्या मैदानांत झाडी विरळ होत गेली आणि उघडी जमीन वाढली. खोदणारे बीव्हर तेव्हा भरभराटीला आले. त्यानंतरच्या मायोसीन काळात ते मागं पडले आणि त्यांच्या जागी गोफर (बिळं करणारे अमेरिकी कृंतक) व मायलागॉलिड (सेराटोगॉलसचं नामशेष कुळ) आले. एकच उद्योग करणारी कुळं एकामागून एक बदलत गेली, आणि हाडांवर खुणा मात्र त्याच उमटल्या.

---

दाढांची भाषा

३ आणि ४ दोन्ही एकत्र घेते, कारण मायलागॉलिड या कुळात दोन्हींची उत्तरं आहेत.

सेराटोगॉलस हा शिंगं असलेला ज्ञात असा एकमेव कृंतक, मध्य आणि उत्तर मायोसीनमधला, अमेरिकेच्या मोठ्या मैदानांतला. नाकाच्या हाडांवर दोन शिंगं. त्यांनी माती उकरायचा ही कल्पना जुनी आहे. सामंथा हॉपकिन्स यांनी २००५ मध्ये ती तपासली. शिंगं नाकाच्या टोकाशी नाहीत, नाकाच्या हाडांच्या मागच्या टोकाला आहेत आणि वर रोखलेली आहेत. त्यांनी माती खणायची तर नाक आधी मातीत रुततं. शिवाय नंतरच्या जातींत शिंगं आणखी मागं सरकतात. उकरण्यासाठी असती तर पुढं आली असती. डोक्यानं माती रेटण्याच्या खुणाही या कुळात शिंगांच्या आधीपासून आहेत, म्हणजे खोदकाम शिंगांवाचून व्यवस्थित चाललं होतं.

मादीसाठी नरांच्या झुंजीचं कारणही टिकत नाही, कारण शिंगं नर-मादी दोघांनाही दिसतात. उरतं ते संरक्षण. मोठ्या अंगाचा, मंद, बारीक डोळ्यांचा प्राणी चरायला वर आला की त्याला मान आणि डोळे वाचवायचे असतात, आणि तिथंच उभी दोन शिंगं कामाला येतात. मला हे उत्तर पटतं. ‘शिंगांनी उकरायचा’ हे चित्रांमधून पसरत राहतं, एवढंच.

आता नातं. नियम एका ओळीचा: जे हाड खोदायला राबतं त्यावरून नातं ठरवू नका. रुंद कवटी, पुढं आलेले दात, जाड ह्यूमरस ही सगळी सवयीची लक्षणं. मंगोलियाच्या ऑलिगोसीनमधला त्सागानोमिस पाहा. कवटी इतकी आफ्रिकी मोल-रॅटसारखी की त्याला त्यांच्याच घराण्यात बसवण्याचा मोह अभ्यासकांना पुन्हापुन्हा झाला. नातं पाहायचं ते दाढांवरच्या घड्यांच्या नकाशात, जबड्याचा मॅसेटर स्नायू कवटीवर कुठून सुरू होतो त्यात, कानाच्या हाडांत आणि पटाशीच्या दाताच्या इनॅमलच्या वीणेत. मायलागॉलिडांमध्ये मॅसेटर जुन्या पद्धतीनं गालाच्या कमानीच्या खालीच राहतो. आजच्या कृंतकांत ही पद्धत जपलेला एकच आहे, वायव्य अमेरिकेतला अप्लोडोंशिया, आणि तोच मायलागॉलिडांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक. त्याला इंग्रजीत डोंगरी बीव्हर म्हणतात. बीव्हरशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून खडकवाचक, तुमच्या टिपणात हे दोन मिसळू देऊ नका.

इनॅमल पाहायला दाताचा तुटका तुकडाही पुरतो. तो रेझिनमध्ये बसवून उभा कापायचा, बारीक पूड लावून घासायचा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अगदी थोडे सेकंद ठेवून लगेच पाण्यात बुडवायचा. जास्त वेळ राहिला की पट्टेच खाल्ले जातात आणि पुन्हा घासावं लागतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली इनॅमलचे दांडे पट्ट्यापट्ट्यानं आडवेतिडवे दिसतात. बीव्हर, गोफर, स्पॅलॅक्स, साधे उंदीर यांत पट्टा एकेका दांड्याच्या जाडीचा. साळिंदर, गिनीपिग आणि आफ्रिकी मोल-रॅटच्या गटात एकेका पट्ट्यात अनेक दांडे. खोदण्याच्या सवयीनं ही मूळ वीण बदलत नाही.

दाढांची उंची मात्र फसवी. मातीची कचकच खाण्यात आली की कुठल्याही कुळात दाढा उंच होतात. मायलागॉलिडांत चौथी प्रिमोलर (दाढांच्या पुढची उपदाढ) प्रचंड वाढते आणि मागच्या दाढा दुय्यम होत जातात. वय वाढेल तसा झिजलेल्या माथ्यावरचा नकाशाही बदलतो, त्यामुळे तरुण आणि म्हातारा एकाच जातीचे असून दोन नावांनी नोंदले जाण्याचा धोका असतो. झीज कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहिल्याशिवाय दाढ नोंदवू नका.

---

गाळवाला

वर सगळं अमेरिकेचं आलं, म्हणून आपल्याकडचं थोडं. शिवालिकमध्ये ऱ्हायझोमिइन कृंतकांची, म्हणजे बांबू उंदरांच्या गटाची मायोसीनपासूनची साखळी मिळते: प्रोकॅनिसॅमिस, कॅनिसॅमिस, मग ऱ्हायझोमायडिस वगैरे. सुरुवातीचे साधे, बिळांत राहण्यासाठी बदललेले नंतर, उत्तर मायोसीनमध्ये. सवय बदलताना एकाच स्तरक्रमात पाहायला मिळते, हे तिथलं वैशिष्ट्य. त्या गटातला कॅनोमिस आजही ईशान्य भारतात आहे.

हे दात २-३ मिमीचे, हातानं वेचून मिळत नाहीत. गाळ आधी उन्हात खडखडीत वाळवायचा, मग रॉकेलमध्ये भिजवायचा, रॉकेल ओतून काढायचं आणि पाणी घालायचं. कोरड्या मातीच्या छिद्रांत शिरलेलं रॉकेल पाण्यानं बाहेर ढकललं जातं आणि ढेकळं आपोआप सुटतात. माती आधी ओलसर राहिली तर रॉकेल आत शिरतच नाही आणि सगळं फुकट जातं. मग अर्ध्या मिलिमीटरची चाळणी. काम उघड्यावर, आसपास विडीकाडी नको. चांगल्या जागेतही शेकडो किलो माती धुतल्यावर मोजके दात हाती येतात.

महाराष्ट्रात मायोसीनचे असे थर नाहीत, बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. पण गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या काठच्या जुन्या गाळात ‘जीवाश्म बीळ’ म्हणून जे फोटो येतात त्यातले बरेच कंकर असतात, मुळांभोवती चुना साचून झालेले. मूळ खाली जाताना निमुळतं होतं आणि फाटे बारीक होत जातात. बिळाचा व्यास जवळपास सारखाच राहतो, फाटाही तेवढ्याच जाडीचा असतो. उभा काप घेतला तर मुळाच्या मधोमध बारीक नळी दिसते, बिळात थराथरानं भरलेली माती.

आणि घूस विसरू नका. ती जुन्या गाळात खोल शिरते आणि तिथंच मरते. भराव भोवतालपेक्षा मऊ, काळपट आणि वर जमिनीपर्यंत जोडलेला दिसला, हाड हलकं-पांढरं असलं, तर ते हजारो वर्षांचं नाही. फोटो टाकताना बिळाचं वरचं तोंड कोणत्या थरातून सुरू होतं हे दिसेल असा एक तरी टाका, नाहीतर इथं कोणालाच काही सांगता येणार नाही.